घरचं उदाहरण

— न्हाई न्हाई मॅडम, त्या गादीवर नका बसू, ती गिऱ्हाइकाची हाय, टाके पडायचेत तिला अजून. इकडं या, ह्या उशांना टेका. कापूस लागंल साडीला — लागू द्या, झटकला की जातो, तो काय डाग न्हाई. पेढे कशाला आनलेत? ठिवा तिथं फळीवर. व्हय, कळलं मला तुमच्या गोष्टीच्या बक्षिसाचं, वर्गाच्या ग्रुपवर आलतं की. छबूबाईनं टाळ्या टाकल्या, वाचनालयाच्या मच्छिंद्र सरांनी फुलांचा गुच्छ टाकला. मी? मी काय टाकलं न्हाई. बघितलं अन् मोबाईल उशीखाली सारला. घ्या, चहा घ्या, बिनसाखरेचाच केलाय, तुमाला तसा लागतो ते ध्यानात हाय माझ्या. दारात आलेल्या मानसाला चहा पाजल्याबिगर मी भांडत न्हाई.

वर्गाला का येत न्हाई म्हंता? थंडी पडली मॅडम, गाद्या-रजयांचा सीझन, मान वर करायला सवड न्हाई — खोटं बोलले. सीझन काय, दरसाल असतो. मागल्या साली याच थंडीत मी हातातलं काम टाकून वर्गाला पळत यायची, केसांत कापूस तसाच, अन् छबूबाई म्हनायची, आली बघा शकिला, हप्त्या-हप्त्याला म्हातारी व्हायलीय. रविवारी दुपारी आख्ख्या राहुरीतल्या बाया एक तर झोपत्यात, न्हाईतर शिरेली बघत्यात, अन् मी दहावी करून चुलीला लागलेली बाई, मी तिथं बाकावर बसून उपमा, रूपक, प्रतिमा, प्रतीक लिवून घ्यायची. गादी शिवताना पाठ करायची — एक टाका उपमा, एक टाका रूपक. माझ्या पोराचे, राहीलचे अब्बा म्हनायचे, जप केल्यावानी वजीफा पढतीस का काय तू? रूपक न् उपमेत तर माझा असा गोंधळ व्हायचा, असा गोंधळ, पार टाके उसवून पुन्यांदा घालायची पाळी. अन् तुमी एकदा बी वैतागल्या न्हाई. खोटं कशाला बोलू? शिकवता चांगलं तुमी. तेच तर वाईट झालं.

पुस्तकातली उदाहरनं पाठ करू नका, घरचं द्या — हे तुमचंच ना? दर शब्दाला तेच. पात्र म्हंजे काय, सांगा घरचं उदाहरन. संघर्ष म्हंजे काय, घरचं उदाहरन. छबूबाईचं घर म्हंजे टीव्ही, ती तिथलंच द्यायची. मी मात्र खरोखर घरचं द्यायची. मास्तरीनबाईनं सांगितलं म्हंजे करायचं, आमी तशाच वाढलो. अन् तुमी सूचकता शिकवली तवा — न बोलता सांगनं, तुमी म्हनल्या हुत्या — तवा मी हात वर केला. म्हनले, माझी धाकटी बहीन हाय सबिहा, राजूरला दिलीय, माझं पोरगं तिच्या घरनं माघारी निघालं की ती दारात येत न्हाई. मागं जाती, रांजनापाशी जाऊन बसती, पाठ करून. बस गेली की मंग उठती. तुमी म्हनल्या, वा शकिलाबाई, काय सुंदर हाय हे, पन ती असं का करती? मी म्हनले, हाय काहीतरी. अन् तुमी सगळ्यांना म्हनल्या, बघा, ह्यालाच म्हंत्यात सूचकता. मला काय वाटलं म्हनून सांगू — दहावीला सुद्धा कुनी माझ्यासाठी वा म्हनलं नव्हतं.

मंग तो दिवस. फळ्यावर लिवलंत, नाट्यात्म उपरोध. केवढा मोठा शब्द, उतरवता उतरवता माझा दम गेला. तुमी म्हनल्या, घाबरू नका, सोपं हाय — जे बघनाऱ्याला ठाऊक असतं ते पात्राला ठाऊक नसतं. ते हसतं, बोलतं, जेवतं, अन् बघनाऱ्याच्या पोटात गोळा येतो. द्या बरं घरचं उदाहरन. छबूबाईनं दिलं — सुनंच्या दुधात गोळी टाकनारी सासू. सगळे हसले. मला हसूच येईना. मला उदाहरन सापडलं हुतं मॅडम, अन् ते माझ्याच घरात, माझ्याच हातचं, रोज जेवत हुतं.

वर्ग सुटला, बाया गेल्या, तुमी खिडक्या लावीत हुत्या. मी म्हनले, मॅडम, एक सांगू का, कुनाला बोलू नका. तुमी खिडकी अर्धी सोडली अन् येऊन माझ्याजवळ बसल्या. हातातलं काम अर्धं सोडून माझं ऐकायला बसलेलं मानूस मला तरी दुसरं आठवत न्हाई. तिथंच फसले मी. सगळं सांगितलं — माझा राहील मी जन्माला घातलेला न्हाई, सबिहाचा हाय तो. तिच्या पदरात दोन पोरं हुती, माझी कूस उजवत नव्हती, तिसऱ्या येळंला तिनंच म्हनलं, आपा, ह्यो तुझा. सव्वा महिना पाजला तिनं, मंग मी जीपगाडीनं त्याला राजूरहून घिऊन आले, अन् त्या दिशी ती पैल्यांदा रांजनापाशी जाऊन बसली. तो मला अम्मी म्हंतो, तिला खाला म्हंतो, मावशी. सगळ्या खानदानाला ठाऊक, मौलवीसाबांना ठाऊक, त्या एकाला तेवढं न्हाई. मौलवीसाब दर ईदला टोकायचे, लपवू नका, पोराला त्याचे सख्खे आई-बाप ठाऊक असले पायजेत. सांगू, सांगू म्हनायचो आमी. कवा सांगायचं ते बी ठरलेलं — त्याच्या निकाहाच्या आदल्या दिशी, हळदीला. त्याला मधी बसवायचं, एका अंगाला ती, एका अंगाला मी, अन् दोघींनी मिळून. एकटीनं कुनीच न्हाई. सबिहा त्या दिवसाची वाट बघत जगत हुती मॅडम. तिला माझ्यासमोर, उघड्यावर, एकदा त्याला बेटा म्हनायचं हुतं.

हे बी सांगितलं हुतं तुमाला. व्हय का न्हाई? मंग तुमी माझा हात धरला, अन् म्हनल्या, शकिलाबाई, हे माझ्यापाशी राहील.

बोला की. — व्हय, व्हय, नावं बदलली तुमी, वाचलंय मी. नावंच काय, सगळंच बदललं. आमाला कुंभार केलंत. कापसाची माती केली, राजूरचं कोकन केलं, रांजनाचा माठ केला. राहीलच्या अब्बाला तर पार मारूनच टाकलं की गोष्टीत — ते तिकडं मशीनीवर कापूस पिंजत बसलेत, त्यांना अजून ठाऊक बी न्हाई ते मेलेत म्हनून. हसू नका. मी बी हसले असते एरवी. एवढं सगळं बदललंत, अन् ती बाई दारात न येता पाठ करून बसती, ते मात्र जसंच्या तसं ठिवलंत. का? सांगू का मीच? ते चांगलं हुतं म्हनून. ते काढलं असतं तर तुमची गोष्ट उभी राह्यली नसती.

ऐका आता, दिवाळी अंक आला तवाचं ऐका. ग्रुपवर फोटू टाकला तुमी अंकाचा, तवा पैल्यांदा फुलं टाकनारी मी. वाचनालयातनं पैल्यांदा अंक घरी आननारी बी मीच. नवरीची गादी शिवायला घेतलेली, हातात दाभन, मांडीवर खोळ, उठायला सवड न्हाई. राहील टेम्पोचं भाडं मारून आलता, चिवड्याची ताटली घिऊन बसला. मी म्हनले, वाच रे मोठ्यानं, आमच्या मोनिका मॅडमची गोष्ट हाय. अभिमान वाटत हुता मला. तुमचा! आपल्या मानसाचं छापून आलं म्हनून.

त्यानं सुरू केलं. चांगलं वाचतो पोरगा, शाळेत प्रार्थनेला बातम्या वाचायचा. कुंभारीन आली, चाक आलं, भट्टी आली, मला मजा वाटायली. मंग कुंभारनीची धाकटी बहीन आली. मंग तिला तिसऱ्यांदा दिवस गेले. अन् माझं दाभन हुतं तिथं थांबलं. मॅडम, त्याला थांब कशी म्हनू मी? थांब म्हनावं तर का थांब, ते सांगावं लागतं. अन् न म्हनावं तर तो वाचतोय. चिवड्यातले शेंगदाने निवडून खातोय, पान उलटतोय, अन् मी त्याच्या तोंडाकडं बघतीय. तुमचा तो मोठा शब्द फळ्यावर न्हाई कळला मला, त्या दिशी कळला.

मंग ते माठाचं आलं. राहील हसला. म्हनला, अम्मी, आपली खाला बी अश्शीच करती की गं! निघायच्या टायमाला हमेशा गायब! असं म्हनून हसला, अन् आनखी दोन वळी वाचल्या, अन् आवाज खाली आला. मंग आवाज गेलाच. नुसते ओठ हलत हुते. शेवटपोत वाचलं त्यानं, एक वळ सोडली न्हाई. अंक मिटला, माझ्या पुढ्यात नीट ठिवला, अन् भायेर गेला. ताटलीत चिवडा तसाच.

काय म्हंता? निवेदक म्हंजे — हां, ठाऊक हाय मला, तुमीच शिकवलंय, निवेदक म्हंजे लेखक नव्हं, अन् निवेदक म्हंजे शकिला बी नव्हं. परीक्षेत लिवीन मी तसं, पैकीच्या पैकी मार्क द्या. पन गोष्टीत तुमी 'मी' लिवलंत ना? तो 'मी' कोन मंग? ज्या बाईनं बहिनीचं पोर घेतलं ती बोलतीय ना 'मी' म्हनून? तिच्या तोंडी एक वाक्य हाय, पाठ हाय मला, उपमा-रूपक विसरंन पन ते न्हाई विसरायची — 'मला बाळ नको होतं, मला फक्त तिच्या ओटीत माझ्यापेक्षा जास्त असलेलं बघवत नव्हतं.' हे माझ्या पोरानं वाचलं. माझ्या समोर बसून. त्याच्या आवाजात. हे मी कवा सांगितलं हुतं तुमाला? कुठल्या रविवारी? हे घरचं उदाहरन न्हाई मॅडम. हे तुमी सोताच्या घरनं आनलं अन् माझ्या तोंडात कोंबलं. माझं हुतं ते घेतलंत, त्याचं एक येळ मी बघून घेतलं असतं, पन जे माझं नव्हतंच ते बी माझ्याच नावावर घातलंत. केसानं गळा कापला तुमी माझा. अन् वरनं म्हंता, त्यानं पात्राला खोली आली.

माफी राहू द्या. मला एवढंच सांगा, विचारलं का न्हाई? मी कुठं अमेरिकेत हुते व्हय, दर रविवारी समोरच्या बाकावर बसत हुते. विचारलं असतं तर मी न्हाई म्हनले असते — म्हनूनच विचारलं न्हाई. व्हय ना? तेवढं तरी खरं बोललात, बरं झालं.

अन् आता म्हंता, रविवारी नगरला समारंभाला चला, पुढच्या खुर्चीवर बसा, मी स्टेजवरनं तुमचं नाव घिऊन सांगनार, ह्या माझ्या गादी शिवनाऱ्या विद्यार्थिनीमुळं ही गोष्ट मला मिळाली. म्हंजे झाकली मूठ हुती ती तुमी उघडली, अन् आता ती कुनाची मूठ ते बी माईकवरनं सांगनार! तुमाला काय वाटतं, बाईला शिकायची लई हौस हुती म्हनून आली वर्गाला? कसली हौस. राहीलला पोरी बघतोय आमी, श्रीरामपूरचं एक ठिकान पक्कं व्हायच्या बेतात हाय. हळदीचा दिवस जवळ आला, अन् मला कळंना, त्याला सांगायचं कसं. सुरवात कुठनं करू? माझ्या रिकाम्या कुशीपासनं, का सबिहाच्या बाळंतपनापासनं? आधी कुनी बोलायचं, तिनं का मी? कुठं थांबायचं, म्हंजे पोराला आपन टाकलेले वाटनार न्हाई? अन् वाचनालयाच्या भायेर बोर्ड लावलेला तुमी — गोष्ट कशी सांगावी, कशी वाचावी, सर्वांना मोफत. मला वाटलं, इथं शिकवत असतील. एक गोष्ट, एकदाच, एका मानसाला सांगायची हुती मला, तेवढ्यासाठी तुमचे सगळे शब्द पाठ केले. हे मी राहीलच्या अब्बाला बी बोलले न्हाई. तुमालाच पैल्यांदा सांगतीय. बघा, अजून बी तुमालाच सांगतीय.

पोरगा कुठं गेला म्हंता? दुसऱ्या दिशी सकाळीच गेला, राजूरला. मला न सांगता. सबिहाला फोन करायला मोबाईल हातात घेतला अन् खाली ठिवला — काय सांगू तिला? तुझं पोटातलं मी भायेर दिलं? मला तर त्याचं काय मिळालं बी नव्हतं, फकस्त एक वा मिळालं हुतं. तिनंच केला मंग फोन, त्यो निघाल्यावर. म्हनली, आपा, तो दारात उभा राह्यला, पानी सुद्धा घेतलं न्हाई, म्हनला, खाला, खरं सांग, तू माझी अम्मी हाय का? जे तिला आयुष्यभर ऐकायचं हुतं ते त्यानं विचारलं मॅडम, तोंडावर विचारलं. फकस्त व्हय म्हनायचं हुतं तिनं. अन् सबिहा हसली. म्हनली, खुळा का काय रे तू, दिवाळी अंकातल्या गोष्टी कुठं खऱ्या असत्यात व्हय? तुझी अम्मी तिकडं राहुरीला गाद्या शिवती, जा तिच्याकडं. का म्हनली असंल ती असं? त्यानं तिला ते वाक्य सांगितलं हुतं, त्या 'मी'चं वाक्य. ती व्हय म्हनली असती तर ते वाक्य बी खरं ठरलं असतं अन् मी चोरटी ठरले असते. मला वाचवायला सोताचं पोर नाकारलं तिनं. जेवू घातलं त्याला, दोन दिवस ठिवून घेतलं, शर्टाची बटनं शिवून दिली, अन् तो निघाला तवा — तवा ती भायेर आली मॅडम. रांजनापाशी न्हाई गेली. दारात आली, दारातनं रस्त्यावर आली, बाजाराच्या कोपऱ्यापोत त्याच्या टेम्पोबरोबर चालत आली, अन् सगळ्या बाजारासमोर हात हलवला, हसत. गोष्टीतली बाई मी न्हाई, हे त्याला पटवायला. इतक्या वर्षांत तिनं त्याला जाताना कवा बघितलं नव्हतं. ह्यावेळी बघितलं.

आता ती कधीच त्याला खरं सांगू शकत न्हाई, कळतंय का तुमाला? अन् ती न्हाई तर मी बी न्हाई. हळद होईल, लग्न होईल, पन तो दिवस गेला आमचा. फोनवर मला म्हनली, आपा, आता तो तुझाच. एवढंच. मंग ठिवला फोन. तवापासनं लावतीय, उचलत न्हाई ती.

अन् राहील घरी आला तो थेट काल, मधले दिवस टेम्पोतच काढले त्यानं. दिवस मावळायच्या टायमाला. मी हितंच बसले हुते, तुमच्या समोर बसलीय तशी. तो उंबऱ्यात उभा राह्यला, चपला बी काढल्या न्हाईत, माझ्याकडं बघितलं, लई येळ बघितलं, अन् म्हनला —

थांबा जरा.

मगाशी तुमी मान खाली घातली तवा मला वाटलं, रडत्यात बाई. म्हनले, लागलं काहीतरी काळजाला, बरं झालं. रडत न्हाई तुमी. ऐकताय. पार पुढं सरकून, श्वास धरून ऐकताय.

या अल्ला. सबिहा रस्त्यावर आली ते बी मी दिलं तुमाला. मीच दिलं, बसून, चहा पाजून. बटनं सुद्धा.

न्हाई, मान हलवू नका. हात नका धरू माझा. तो काय म्हनला ते न्हाई सांगायची मी. मला काय म्हनून हाक मारली, मारली का न्हाई मारली, घरात आला का उंबऱ्यावरनंच गेला — न्हाई मिळायचं ते तुमाला. ते माझ्यापाशी राहील.

उठा मॅडम. अवो, मशीन लावा मोठ्यानं, मॅडम निघाल्यात. आता मी बोलले तरी काय ऐकू यायचं न्हाई.